काटेरी हलव्याची सत्तावीस पाकिटं

परातीत हलवा फिरवताना येणारा आवाज ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांना तो सांगायचा कसा, हा प्रश्नच आहे. पहिल्या दिवशी तो नुसता तिळाचा असतो, कोरडा, सळसळता. दुसऱ्या दिवशी दाणे जड होतात आणि पितळेवर घरंगळताना बारीक वाजायला लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी काटा फुटला की आवाज एकदम खडबडीत होतो. तो बदलला की माझी आई हात थांबवायची आणि म्हणायची, "आला बघ." डोळ्यांआधी तिला कानांनी कळायचं. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये त्या जानेवारीत आठ दिवस हा आवाज चालू होता. मी शाळेतून आले की जिन्यातच तो ऐकू यायचा, आणि मी मनात म्हणायची, देवा, शेजारच्यांना काय वाटत असेल! चौदा वर्षांच्या मुलीला शेजारच्यांना काय वाटेल यापलीकडे दुसरी चिंता नसते. निदान मला तरी नव्हती.

हलव्याला थंडी लागते. पाक परातीत टाकला की तो बोटांनी फिरवत फिरवत सुकवायचा आणि सुकताना गार हवा मिळाली तरच साखरेला काटा येतो. म्हणजे तसं आईचं शास्त्र होतं, आणि आईच्या शास्त्रापुढे हीटरचं काय चालणार? तिनं सकाळपासून हीटर बंद ठेवला आणि स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी. बाहेर बर्फ, आत आम्ही. बाबा ऑफिसातून आले की कोट काढायचेच नाहीत. कोटासकट आमटी-भात जेवायचे आणि म्हणायचे, "हलव्याला काटा येईल तेव्हा येईल, माझ्या अंगावर आलाय." आई हसायची, पण हात थांबायचा नाही. इलेक्ट्रिकच्या शेगडीवर तवा पालथा घालून त्यावर परात, अर्धा चमचा पाक, आणि मग बोटं. ती बोटं पोळून लाल झाली होती. मी म्हटलं, चमचा वापर. तर म्हणाली, "चमच्याला कळतं का गं, कधी थांबायचं ते?" पुण्याची माणसं उत्तरं तयार ठेवतात, त्यातली ती.

हा सगळा खटाटोप होता सत्तावीस माणसांसाठी. त्यातलं एकही आमचं नातेवाईक नव्हतं. झालं असं होतं की आम्ही आधी शॉमबर्गला होतो, शिकागोच्या बाजूला. तिथे आदल्या हिवाळ्यात बाबांच्या कन्सल्टिंग कंपनीनं त्यांना बेंचवर बसवलं, म्हणजे नोकरी कागदावर आणि काम-पगार काहीच नाही. आईच्या व्हिसावर तिला काम करता येत नव्हतं. घर सोडावं लागलं. तेव्हा नलूमावशी आणि अरविंदकाका आम्हाला त्यांच्या घरी घेऊन गेले. मावशी म्हणजे सख्खी मावशी नव्हे. नागपूरची, आईशी तिची ओळख देशी दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना झालेली, इतकीच. त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही पाच महिने राहिलो. त्याच काळात कुणी बाबांचा रेझ्युमे दहा ठिकाणी पाठवला, कुणी इंटरव्ह्यूला नेऊन सोडलं, कुणी मला शाळेत राइड दिली, कुणी काही न बोलता गाजरहलव्याचा डबा ठेवून गेलं. मग बाबांना न्यू जर्सीत काम मिळालं आणि आम्ही भाड्याचा ट्रक भरून निघून आलो. निघताना आईनं कुणालाच थँक यू म्हटलं नाही. आपल्याकडे म्हणत नाहीत. जवळच्या माणसाला धन्यवाद म्हटलं की ते माणूस दुखावतं, "मी काय परकी आहे का?" असं विचारतं. ते न म्हटलेलं सगळं आईच्या पोटात सहा महिने पडून होतं, आणि संक्रांत जवळ आल्यावर ते वर आलं.

"आई, ईकार्ड पाठव ना," मी म्हटलं. "फ्री असतं. नोबडी डज दिस एनीमोअर."

"म्हणूनच मी करतेय," ती म्हणाली. "आणि इंग्रजी झाडून झालं असेल तर इकडे ये, पत्ते लिहायचेत."

पत्ते लिहायचं काम माझं, कारण आईला स्वतःच्या इंग्रजी स्पेलिंगचा भरवसा नव्हता. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी टेबलाशी बसले. प्रत्येक पाकिटात आईचं मराठीतलं पत्र आणि बटरपेपरच्या पुडीत मूठभर हलवा. पत्रं तिनं आठवडाभर लिहिली होती, दुपारी एकटी असताना. त्यांत काय आहे हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. हलवा सांडू नये म्हणून तिनं प्रत्येक पाकिटाच्या चारी कडांना टेप लावली, आणि मग मनाचं समाधान होईना म्हणून पुन्हा एकदा आडवी लावली. वजन किती भरेल कोण जाणे, म्हणून तिकिटं दुप्पट. मला म्हणाली, "वर कोपऱ्यात आपला पत्ताही लिही हं. चुकलंमाकलं तर परत तरी येईल." मी हो म्हटलं. तीन पाकिटांवर लिहिला. मग फोन वाजला, माझी मैत्रीण होती, अर्धा तास गेला, हात दुखायला लागला, आणि आई पाक ढवळत पाठमोरी उभी होती. कशाला पाहिजे डबल पत्ता, असं म्हणून मी उरलेली चोवीस पाकिटं तशीच सोडली. बरं, त्या तिन्हींवर असून चोविसांवर नाही हे विचित्र दिसेल, म्हणून त्या तीन पाकिटांवरचा पत्ताही मार्करनं खोडून काढला आणि सगळी पाकिटं पालथी पिशवीत भरली. माझी अक्कल! पाच वाजायच्या आत आम्ही दोघी बर्फातून चालत गेलो आणि पोस्टाबाहेरच्या निळ्या पेटीत सत्तावीस पाकिटं टाकून आलो. आईनं पेटीला नमस्कार केलेला मी पाहिला आणि इकडेतिकडे कुणी बघत नाही ना, हेही पाहिलं.

आईनं ज्या कागदावर सत्तावीस नावांची यादी केली होती तो फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेला होता. संध्याकाळी कुणाकुणाला पाठवलं ते बघायला बाबांनी तो काढला, वाचला, आणि सहज उलटा केला. मग ते तसेच उभे राहिले. अंगावर कोट, हातात कागद.

"हे काय आहे माहितीय का?"

कागद आमच्या अपार्टमेंटच्या ऑफिसनं शरद ऋतूत घरोघरी दाराखालून सरकवला होता. पाठीमागे कोरा होता म्हणून आईनं जपून ठेवला, पाठकोरा कागद टाकून देणं हे तिच्या लेखी पाप. पुढच्या बाजूला काय छापलंय ते तिनं तेव्हा वाचलं होतं आणि विसरलीही होती. आदल्या सप्टेंबरात विमानं इमारतींवर आदळली, आणि पाठोपाठ टपालातून विषारी पूड घातलेली पत्रं निघाली होती. ती आमच्याच भागातून टाकली गेली होती. माणसं गेली होती. आमच्या बाजूचं टपाल कितीतरी दिवस उलटसुलट फिरत होतं, पोस्टातली माणसं हातमोजे घालून पत्रं वाटत होती. संशयास्पद पत्र कसं ओळखावं, याची त्या कागदावर यादी होती. बाबांनी ती मोठ्यानं वाचली. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. पत्ता हातानं लिहिलेला असतो. तिकिटं गरजेपेक्षा जास्त लावलेली असतात. टेप अति असते. पाकीट फुगीर, उंचसखल लागतं. आणि पांढरी पूड सांडते. काटेरी हलव्याचा काटा प्रवासात झडतो आणि त्याचं काय होतं? पांढरी पूड. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत. आईच्या पाकिटांत त्या यादीतलं एकूण एक लक्षण होतं. एक सुटलं नव्हतं.

"पत्ता नाही असं कसं म्हणता?" आई म्हणाली. "पत्ता आहे. मुक्तानं लिहिलाय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण बाबांनी खुर्ची ओढली, बसले, आणि सुटल्यासारखं म्हणाले, "नाही लिहिला? मग बरंच झालं यार! आपलं नाव कुठेच नाही. आता आपण गप्प बसायचं. ग्रीन कार्डचं आत्ता कुठे सुरू होतंय. कंपनीत मला सहा महिने झालेत. पोलीस दारात आले तर कोण ऐकून घेणार आहे संक्रांत आणि तिळगूळ? उद्या पोस्टात जाऊन सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

माझे बाबा भित्रे नव्हते. आज त्या वयाला आल्यावर मला कळतं, एका नोकरीवर तीन माणसांचा देश लटकलेला असला की माणूस कसा होतो. तेव्हा मात्र मला फक्त इतकंच कळलं की मी सुटले. लिहिला नाही ते बरंच झालं! मी आईकडे पाहिलं. ती परातीतला उरलेला हलवा डब्यात भरत होती.

"आपलं नाव नाही, पण नलूचं आहे ना त्याच्यावर," डब्याचं झाकण लावत ती म्हणाली. "तिच्या दारात जाईल ते. तिच्या हातात फुटेल, नाहीतर तिच्या पोस्टमनच्या. तिच्या घरी गाड्या येतील, तिच्या मुलांना बाहेर काढतील. सत्तावीस घरांत, अहो! ज्यांनी आपल्याला घरात घेतलं त्यांच्याच दारात मी हे पाठवलंय. खाल्ल्या मिठाला जागायचं सोडून लपून बसू?"

"सुमन, सगळं जाईल गं."

"जाऊ दे गेलं तर. परत बांधू ट्रक." मग आवाज खाली आला. "मला भीती वाटतच नाही असं नाहीये."

त्या रात्री हीटर चालू केला तरी कुणाला ऊब आली नाही. शनिवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी आम्ही तिघं गाडीत बसलो होतो. बाबा म्हणाले, मी इथेच थांबतो. आईनं ठेवणीतली नारायणपेठी नेसली होती, वर कोट, पायात स्नीकर्स, आणि हातात हलव्याचा स्टीलचा डबा. मी मागून चालले होते. माझ्या पायात माझे तांबूस फरवाले बर्फाचे बूट होते. आदल्या वाढदिवसाला शॉमबर्गमध्ये आईनं दिलेले, एक नंबर मोठे घेतल्यामुळे अजून बसणारे. शाळेत त्या बुटांमुळे मला थोडा तरी भाव होता, म्हणून मी ते सतत घालायची.

काउंटरवर ग्लोरिया होती. पन्नाशीची, ठेंगणी, केस पांढरे, चष्मा साखळीला. आई दर आठवड्याला तिच्याकडून इंडियासाठी तिकिटं घ्यायची आणि घरी तिचा उल्लेख ग्लोरियाताई असाच करायची. आईनं डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "ग्लोरिया, माय लेटर्स. ट्वेंटी सेव्हन. येस्टरडे. नो नेम. माय मिस्टेक."

मिस्टेक खरं तर माझी. मी तिच्या कोटाआड सरकले.

ग्लोरिया एक पाऊल मागे सरकली. तिचे डोळे डब्यावर. मागच्या दारातून सुपरवायझर आला, सहा फूट उंच, हातांत निळे रबरी हातमोजे. रांगेतली दोन माणसं हळूच बाहेर गेली. मला वाटलं पळून जावं, ही बाई माझी कुणी नाही असं दाखवावं. आईनं मात्र शांतपणे डब्याचं झाकण काढलं, मूठभर हलवा घेतला आणि तोंडात टाकला. सगळा. काटेरी हलवा मूठभर चावायचा म्हणजे दाढा दुखतात. ती चावत राहिली, कुडुम कुडुम, त्या शांततेत एवढा एकच आवाज. गिळून झाल्यावर म्हणाली, "शुगर. ओन्ली शुगर. फॉर थँक यू."

ग्लोरियानं सुपरवायझरकडे पाहिलं. "सांगितलं नव्हतं तुला?" ती त्याला म्हणाली. "बर्फाच्या चित्राची ती तिकिटं मी तिलाच विकली होती. म्हटलं ना, दुपारपर्यंत थांब, ती येईल." पाकिटं आदल्या संध्याकाळीच बाजूला काढलेली होती. सगळी सत्तावीस, मागच्या खोलीत एका प्लास्टिकच्या टबात, वर झाकण. सुपरवायझर सकाळी पोलिसांना फोन करणार होता. एका बाईनं दुसरीच्या भरवशावर तो थांबवून धरला होता. दोघी एकमेकींशी मोडक्या वाक्यांपलीकडे कधी बोलल्या नव्हत्या. मी आयुष्यात पुढे पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण माणूस ओळखण्याची ती तऱ्हा क्वचित दिसली.

सुपरवायझरनं टब आणला आणि म्हणाला, एक उघडा, माझ्यासमोर. आईनं वरचंच उचललं. नलूमावशीचं होतं. टेप सोडवायलाच दोन मिनिटं लागली. पुडीतून थोडी पांढरी पूड काउंटरवर सांडली. आईनं ती बोटानं टिपून चाटली. मग त्यानं पत्राकडे बोट दाखवून मला विचारलं, यात काय लिहिलंय? आई वाचेल, तू इंग्रजीत सांग.

आई वाचायला लागली. "प्रिय नलू, तिळगूळ घे, गोड बोल. तुला बोल म्हणायला नको, तू थांबत नाहीस हीच तक्रार आहे." मी सांगितलं. ग्लोरिया हसली. "पाच महिने आम्ही तुझ्या घरी राहिलो. कधी जाणार, असं तू एकदाही विचारलं नाहीस. निघालो तेव्हा म्हणालीस, एवढ्यात?" हेही सांगितलं. खरं म्हणजे मला नलूमावशी आवडायची नाही. ती माझ्या डोक्यावर जबरदस्तीनं तेल थापायची, मला माकडा म्हणायची, माझ्या मैत्रिणींची नावं विचारायची. निघताना मी ट्रकमध्ये चढून बसले होते, तिला नीट बाय पण केलं नव्हतं.

आई पुढचं वाचताना थांबली. माझ्याकडे बघितलं. मग कागदात बघूनच वाचलं. "मुक्ताच्या वाढदिवसाला तू ती पिशवी माझ्या हातात ठेवलीस. मी नको म्हटलं तर म्हणालीस, तूच दे ना बाप्पा, आईच्या हातून जाऊ दे, पोरीला कळायला नको. तिला अजून वाटतं बूट आम्हीच घेतले. ती नाचली होती ते तू जिन्यावरून बघत होतीस आणि मी वर बघूही शकत नव्हते. नलू, लेकीचे पाय गरम राहिले. दुसरं काय लिहू?"

सुपरवायझर माझ्या इंग्रजीची वाट बघत होता. ग्लोरियानं काउंटरवरून वाकून आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझी नजर जिथे गेली होती तिकडे, खाली, माझ्या पायांकडे. भाषा एक अक्षर येत नव्हती तिला. तिनं हळूच सुपरवायझरच्या हातावर थाप मारली आणि म्हणाली, "बस, पुरे आता." त्यानं मोजे काढले. डब्यातला एक दाणा उचलून निरखून पाहिला, तोंडात टाकला, आणि विचारलं की याला काटे कसे येतात. आईनं तिच्या इंग्रजीत त्याला हीटर बंद करण्यापासून सगळं सांगितलं. तेव्हा मागे दार वाजलं. बाबा आत आले होते, कधी आले कळलं नाही. चष्मा पुसत होते.

ग्लोरियानं सत्तावीस लहान खोकी काढून दिली आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत कँडी असं लिहायला सांगितलं. आम्ही पोस्टातल्या उंच टेबलाशी उभं राहून सगळं पुन्हा भरलं. बाबा खोकी दुमडत होते, आई पुड्या ठेवत होती. मावशीचं पत्र माझ्या हातात आलं तेव्हा मी साखळीला बांधलेलं पोस्टाचं पेन ओढलं. मराठी लिहून चार वर्षं झाली होती. अक्षर चौथीतल्या मुलीचंच राहिलं होतं. आईच्या सहीखाली मी लिहिलं, "मावशी, बूट अजून बसतात. मला आज कळलं. तुमची माकडा." कागद आईपुढे सरकवला. तिनं वाचला, दोनदा वाचला, घडी घातली आणि खोक्यात ठेवला.

परात आता माझ्याकडे आहे, आणि डिसेंबर सरला की मीही हीटर बंद करते. माझी मुलं कोट घालून कुरकुरतात. नलूमावशीचं खोकं मी सगळ्यात आधी भरते. पण त्या शनिवारी आईनं मला जवळ घेतलं नाही, की रागावलीही नाही. तिनं फक्त टेप बाजूला ठेवली, सगळी खोकी माझ्यापुढे ओळीनं मांडली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आता इथे आपला पत्ता लिही," ती म्हणाली. "नावासकट. वाचता येईल असा."

मी तो सत्तावीस वेळा लिहिला.